शिळी झालेली शरीररचना

झुल्मिरा लिव्हरामेंतोला कॉलेजचं पत्र आलं ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी. कामावर निघता निघता तिने ते टपालपेटीतून काढलं आणि शुश्रूषागृहाच्या मागे गाडी लावल्यावर, इंजिन चालूच ठेवून, उघडलं. बाहेर बर्फ होता आणि गाडीचा हीटर कसाबसा तग धरून होता. या पत्रासाठी तिने सहा वर्षं घातली होती. पत्र चार ओळींचं निघालं. शरीररचनाशास्त्राचे दोन्ही भाग पूर्ण नसल्यामुळे नर्सिंगच्या प्रवेशासाठी आपला अर्ज विचारात घेता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

तिला आधी हसूच आलं. कुणाच्या तरी हातून दुसऱ्याच बाईचं पत्र तिच्या पाकिटात पडलं असणार. शरीररचनेच्या दोन्ही भागांत तिला सगळ्यात वरची श्रेणी होती. त्या वर्षी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर सांगाड्याचं चित्र लावलेलं असायचं आणि बिबियाना मावशी मक्याची काचुपा ढवळता ढवळता हाडांची लॅटिन नावं मोठ्याने म्हणायची. मावशी चौथीपर्यंत शिकलेली, पण मनगटाची आठही हाडं तिला आजसुद्धा पाठ होती. ते सगळं घरातल्या घरात घडलेलं, आणि आता पत्र म्हणत होतं की ते विषय पूर्णच नाहीत.

झुल्मिरा एक्केचाळीस वर्षांची होती. सतराव्या वर्षी केप व्हर्दीतल्या फोगो बेटावरून ती समुद्रापलीकडे, मावशीकडे ओल्ड हार्बर या बंदराच्या गावी आली. लग्न इथेच झालं, मोडलंही इथेच, आणि पदरात जोसेलिना राहिली. गेली अकरा वर्षं झुल्मिरा वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्सची मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. ओल्ड हार्बरमध्ये हे काम करणाऱ्यांत दहातल्या आठ जणी केप व्हर्दीच्या. नर्सेस मात्र जवळजवळ सगळ्या दुसरीकडच्या.

ती एकदा एका नर्सला म्हणाली होती की मिस्टर प्रुइट यांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आणि गरम लागतेय, रक्ताची गुठळी असेल. नर्सने पाहिलं, डॉक्टरला फोन केला, गुठळीच निघाली. कागदावर सही नर्सची झाली. यात नर्सची काही चूक नव्हती, नियमच तसा होता. पण त्या दिवशी झुल्मिराने ठरवलं की सही करणाऱ्याच्या जागी आपण जायचं.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहिली. पलीकडे विशीतली एक मुलगी होती. तिने संगणकात नाव घातलं आणि म्हणाली की विषय पास आहेत, प्रश्नच नाही, पण विज्ञानाचे विषय पाच वर्षंच धरले जातात. तुमची शरीररचना साडेपाच वर्षांपूर्वीची. ती गेली.

"गेली म्हणजे कुठे गेली?" झुल्मिराने विचारलं.

"म्हणजे मुदत संपली. परत करावी लागेल."

"मी शिकले तेव्हा माणसाला दोनशे सहा हाडं होती. आता किती झालीत?"

मुलीने खरोखर संगणकाकडे पाहिलं, जणू आकडा तिथे सापडेल. मग ती ओशाळली आणि म्हणाली की मला वाईट वाटतंय, पण हे माझ्या हातात नाही. ते झुल्मिरालाही दिसत होतं. ती आभार मानून बाहेर आली आणि गाडीत बसून तिने बोटांवर हिशेब मांडला. नोकरी सांभाळून तिला एका सत्रात एकच विषय जमायचा. शरीररचनेचे दोन भाग परत करायचे तर एक वर्ष. तेवढ्यात रसायनशास्त्राला पाच वर्षं होऊन जातील. ते परत करावं तर पुढे सूक्ष्मजीवशास्त्र वाट पाहतच होतं. फाटकं शिवत जावं आणि मागून उसवत यावं, तसं झालं होतं. या गतीने ती पन्नाशीला पोचली तरी अर्ज पुरा होणार नव्हता.

तरीही तोवर तिला राग आला नव्हता. नियम असतो, आपल्याला कळला नाही, आपलंच दुर्लक्ष, असं ती स्वतःला समजावत होती. राग आला तो शनिवारी.

जोसेलिना तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. शनिवारी कॉलेजने शाळेतल्या मुलांना बोलावलं होतं आणि सल्लागाराने प्रत्येकाला दहा मिनिटं देऊन अभ्यासक्रम आखून दिला होता. जोसेलिना दुपारी घरी आली आणि तिने आपला कागद टेबलावर ठेवला. झुल्मिराने चष्मा लावून तो वाचायला घेतला. कागदावर नर्सिंगचा रस्ता होता, शेजारी दुसऱ्या शाईत पुढे चार वर्षांची पदवी देणाऱ्या विद्यापीठात जाण्याचा रस्ता होता, आणि खाली लिहिलं होतं की गुण चांगले राहिले तर पुढे डॉक्टरकीचाही विचार करता येईल. वाचताना झुल्मिराचा ऊर भरून आला. मग तिची नजर तळाशी गेली. तिथे निळ्या पेनाने, खाली दोन रेघा ओढून, लिहिलं होतं: विज्ञानाचे विषय पाच वर्षंच टिकतात. नोकरी करत शिकणार असलीस तर ते शेवटी घे.

अक्षर ओळखीचं होतं. उठून तिने कपाटातली फाइल काढली आणि आपला सहा वर्षांपूर्वीचा कागद मुलीच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींवर सही एकच, ब्रेंडन कीलर. तिच्या कागदावर पहिल्याच ओळीत शरीररचना होती. तिला ती भेट आठवली. कीलर म्हणाला होता, जड विषय आधी उरकून टाका. पूर्ण वेळ नोकरी करते, हे तिने खुर्चीत बसता बसताच सांगितलं होतं. कागदाच्या तळाशी काहीच नव्हतं. कोरा.

"आई, त्याला तेव्हा माहीत नसेल," जोसेलिना म्हणाली. तिला आपल्या कागदाची उगाच लाज वाटू लागली होती.

मावशी मध्ये बोलली. "त्याला माहीत होतं की नव्हतं, ते त्यालाच विचार. भिंतीला विचारून काय उपयोग?"

सोमवारी झुल्मिरा आधी ग्रंथालयात गेली आणि सहा वर्षांपूर्वीचं कॉलेजचं माहितीपुस्तक मागून घेतलं. नियम होता. एकशे बाराव्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. त्या पानाची प्रत घेऊन ती कीलरच्या दारात जाऊन बसली.

कीलर पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस होता. टेबलावर कुत्र्याचा फोटो, चहाचे तीन कप. त्याने तिला ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं केलं. तिने दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि शांतपणे विचारलं की ही ओळ इथे आहे, तर तिथे का नाही.

त्याने दोन्ही पाहिले. नियम माहितीपुस्तकात छापलेला असतो, म्हणाला. तिने एकशे बारावं पान पुढे सरकवलं आणि विचारलं की हेच पान माझ्या मुलीलाही मिळणार होतं, मग तिला तुम्ही हाताने का लिहून दिलंत? त्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि खरं बोलला. कदाचित त्याला ते खरं बोलणं चांगुलपणाचंच वाटलं असावं.

"हे बघा, मोकळेपणाने सांगतो. शुश्रूषागृहातून आमच्याकडे दर वर्षी तीसचाळीस बायका येतात. बहुतेक जणी दोन सत्रांत सोडून देतात. नोकरी, मुलंबाळं, भाषा. पाच वर्षांनंतरचं त्यांना सांगून उगाच घाबरवायचं कशाला? तुम्ही इथवर याल, असं मला वाटलं नव्हतं."

झुल्मिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हाताऱ्यांमध्ये अकरा वर्षं काढलेल्या बाईचा आवाज सहजासहजी चढत नाही.

"म्हणजे मी सोडणार हे तुम्ही ठरवलंत, आणि त्या हिशेबाने मला रस्ता दाखवलात."

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत. त्या बाकीच्या जणींनी का सोडलं, ते कधी विचारलंत?"

तो म्हणाला की अपील समिती असते, तिथे अर्ज करा. तिने अर्ज केला. तीन आठवड्यांनी समितीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या: नियम सर्वांना सारखा आहे. हे वाक्य तिला कीलरच्या बोलण्याहूनही जास्त झोंबलं. सारखा असता तर बोलायचं काय होतं?

अर्लेत तिच्याच मजल्यावर कामाला होती आणि जोसेलिनाची धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कुमाद्री म्हणत. जेवणाच्या सुट्टीत झुल्मिराने तिला सगळं सांगितलं, तशी अर्लेत खाता खाता थांबली. तिनेही चार वर्षांपूर्वी कीलरकडून कागद घेतला होता आणि दीड वर्षाने सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने तो शोधून आणला. पहिल्या ओळीत शरीररचना. तळ कोरा.

"कुमाद्री, मला वाटायचं मीच मठ्ठ," अर्लेत म्हणाली. "पहिल्याच सत्रात सगळ्यात अवघड विषय, आणि इंग्रजीचे धडे नंतर. मी पुस्तक वाचायचे आणि रडायचे."

मग झुल्मिराला चैन पडेना. तिने कामावर विचारलं, रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी विचारलं, बंदराजवळच्या दुसऱ्या शुश्रूषागृहातल्या बायकांना निरोप धाडले. काही जणींनी कागद फेकून दिले होते. काहींना कॉलेजच्या वाटेला पुन्हा जायचंच नव्हतं, त्यांनी कानाला खडा लावला होता. तरी एप्रिलपर्यंत अकरा कागद जमले, तिचा धरून. अकरांपैकी एकावरही ती ओळ नव्हती. मग जोसेलिनाने आपल्या वर्गातल्या मुलामुलींचे कागद बघायला मागितले. इथेच वाढलेल्या, न अडखळता इंग्रजी बोलणाऱ्या सहा जणांपैकी पाच जणांच्या कागदांवर ती होती. कीलरने कुणाशी दुष्टावा केला नव्हता. समोरच्याचं बोलणं ऐकून तो मनात गणित मांडायचा, आणि ते गणित कागदावर उतरायचं.

कॉलेजच्या विश्वस्तांची खुली सभा मे महिन्यात होती. कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं, नाव आधी द्यावं लागतं. झुल्मिराने अकरा जणींची आणि जोसेलिनाचं, अशी बारा नावं दिली. नावं दिल्याला चार दिवस झाले नाहीत तोच नर्सिंग विभागाच्या प्रमुख डॉक्टर लोरेन हॅस्किन्स यांचा तिला फोन आला. प्रत्यक्ष त्यांचाच. तुमची फाइल मी स्वतः पाहिली, गुण उत्तम आहेत, अकरा वर्षांचा अनुभव आहे, अपवाद म्हणून तुमची शरीररचना ग्राह्य धरता येईल, सप्टेंबरच्या तुकडीत एक जागा आहे, असं त्या म्हणाल्या. आवाजात आपुलकी होती. पुढे त्यांनी विचारलं की मग सभेत बोलायची तशी गरज उरणार नाही ना.

सप्टेंबर. चार महिने. तिने बाकीच्या दहा जणींचं काय, असं विचारलं. हॅस्किन्स म्हणाल्या की प्रत्येक प्रकरण वेगळं असतं.

"मला हे लेखी मिळेल का?" झुल्मिराने विचारलं. तेव्हा तिच्या मनात डाव वगैरे काही नव्हता. तोंडी शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता, इतकंच.

पत्र आलं. दोन दिवस ते तिच्या पर्समध्ये राहिलं आणि त्या दोन दिवसांत तिने स्वतःची लाज वाटेल असे विचार केले. आपण आत गेलो तर आतून या बायकांना मदत करता येईल, हा त्यातला एक. मावशीचं म्हणणं सरळ होतं. घास तोंडाशी आलाय, तो गिळ. तू काही सगळ्या बेटाचं ओझं वाहायला जन्माला आली नाहीस. अर्लेतला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू जा. आमचं पुढे बघू." तिने ते अगदी मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच झुल्मिराला ते सहन झालं नाही. अर्लेत भांडली असती तर तिने कदाचित ती जागा घेतली असती.

सभेच्या संध्याकाळी अकराच्या अकरा जणी आल्या. चौघी कामावरून थेट, फुलाफुलांच्या सुती गणवेशात. सात विश्वस्त लांबलचक टेबलामागे बसले होते. हॅस्किन्स बाजूला होत्या, कीलर शेवटच्या रांगेत. प्रत्येक बाईने आपला कागद वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि सांगितलं की तळाशी काही नाही. कुणाचं इंग्रजी अडखळत होतं. पाचवी, सहावी बाई तेच वाचू लागली तसा एक विश्वस्त घड्याळ पाहू लागला, आणि नववी उभी राहिली तेव्हा त्याने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. मग जोसेलिनाने आपला कागद वाचला. तिला तळाची ओळ वाचायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

झुल्मिरा शेवटी उठली. आपली तीन मिनिटं तिने आरशासमोर पाठ केली होती, ती सगळी विसरली.

"माझ्याकडे दोन पत्रं आहेत," ती म्हणाली. "एकात लिहिलंय, नियम सर्वांना सारखा आहे. दुसरं मागच्या आठवड्यातलं आहे. त्यात लिहिलंय, माझ्यासाठी नियम बाजूला ठेवता येतो. त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझ्यासाठी ठेवता येत असेल तर माझ्या आईने काही मला सोन्याची हाडं घालून जन्म दिलेला नाही. या दहा जणींसाठीही ठेवा. ज्ञान शिळं झालं असेल, अशी शंका असेल तर आमची परीक्षा घ्या. आम्ही परीक्षेला घाबरत नाही. रोज सकाळी सहा वाजता आम्ही ती देतो, तुमच्याच आईवडिलांच्या खोल्यांमध्ये."

हॅस्किन्स यांचा चेहरा लालबुंद झाला. अध्यक्षांनी ती दोन्ही पत्रं मागून घेतली, वाचली आणि शेजाऱ्याकडे दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सभा पुढे पार्किंगच्या दिव्यांच्या विषयावर गेली.

सप्टेंबरची जागा गेली. अपवादाचं पत्र मागे घेतल्याची दोन ओळींची सूचना आठवड्याभरात आली. मावशी तीन दिवस झुल्मिराशी बोलली नाही. झुल्मिराही पहाटे कामावर जाताना मनातल्या मनात स्वतःच्याच नावाने खडे फोडत राहिली. जुलैमध्ये विश्वस्तांनी ठराव केला: ज्यांचे विज्ञानाचे विषय जुने झाले आहेत आणि जे रुग्णसेवेत काम करतात, त्यांना एक परीक्षा देऊन ते विषय पुन्हा ग्राह्य करून घेता येतील. ज्यांनी अर्ध्यावर सोडलं होतं, त्यांना त्या विषयांना परत बसता येईल. आणि ती ओळ सर्वांच्या कागदावर, वरच्या बाजूला, ठळक छापली जाईल. ठरावात चूक झाली असा शब्द कुठेही नव्हता.

विषय शिळे झालेल्या पाच जणी ऑक्टोबरमध्ये परीक्षेला बसल्या. चौघी पास झाल्या. झुल्मिराला शंभरात एक्क्याण्णव मिळाले. पाचवी होती दुल्से, बंदराजवळच्या शुश्रूषागृहातली. ती तीन गुणांनी राहिली आणि म्हणाली की पुन्हा बसेन, पण आवाजात जोर नव्हता. झुल्मिरा दर रविवारी तिच्याकडे पुस्तक घेऊन जाऊ लागली. अर्लेतने इंग्रजीपासून नव्याने सुरुवात केली, या वेळी नीट क्रमाने.

झुल्मिराला जागा मिळाली ती पुढच्या जानेवारीत. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती जिन्याकडे निघाली असताना कीलर समोरून आला, कॉफीचा कप घेऊन. मधल्या काळात त्याला सल्लागार विभागाचा प्रमुख केलं होतं. दारावर नवी पाटीही लागली होती. या वेळी त्याने तिला खरोखर ओळखलं. हात पुढे केला, अभिनंदन केलं आणि म्हणाला की तुम्ही इथवर पोचणार, याची मला पहिल्यापासून खात्री होती.

तिने हात हातात घेतला नाही. त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला आता खरंच तसं आठवत होतं.

"नाही, मिस्टर कीलर," ती म्हणाली. "तुम्हांला उलट खात्री होती. ती तुम्ही त्याच दिवशी मला सांगितली असतीत, तर मी उठून दुसऱ्याला विचारलं असतं."

तो काहीतरी बोलणार होता, पण तिच्या हातात आठच मिनिटं होती आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. ती जिना चढली. वर पोचेपर्यंत छाती धडधडत होती, काही चढण्याने, काही रागाने. वर्गात बहुतेक मुलं जोसेलिनाच्या वयाची होती. तिने पुढच्या रांगेतली खुर्ची घेतली आणि वही उघडली. हजेरी घेताना शिक्षिकेने तिचं नाव काहीच्या काही उच्चारलं. झुल्मिराने हात वर केला, आणि हजर म्हणण्याआधी ते नीट कसं म्हणायचं ते सावकाश सांगितलं.